४५ वजा १८ बरोबर ३३ लिहिणारं पोर ‘कच्चं’ असतं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं कर्नाटकच्या राज्य शिक्षण धोरणाचा अहवाल सरकारला दिला. निदान पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषेतून शिक्षण, आणि तीनऐवजी दोन भाषा, या त्यातल्या मोठ्या शिफारशी. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की बाकी सगळं मागं पडतं, आणि त्याला इतिहासही तसाच आहे. पण माध्यम मराठी असो, कन्नड असो की इंग्रजी, प्रत्येक वर्गात पाच-सहा मुलं अशी असतात की त्यांच्याबद्दल एकच वाक्य बोललं जातं: “तो जरा कच्चा आहे.”

हे वाक्य पालकसभेत ऐकलं की आई मान खाली घालते आणि विषय तिथंच संपतो. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. ‘कच्चा’ या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज निराळा असतो. सगळ्यांना एकच औषध, म्हणजे संध्याकाळचा जादा तास दिला, तर त्यातल्या फार तर एखाद्याला गुण येतो.

कालव्याचं पाणी सोडलं की वरच्या अंगाच्या शेताला ते मिळतंच. घटप्रभेच्या कालव्यावरचा शेतकरीही सांगेल, पाणीवाटप नीट झालं की नाही हे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटच्या, शेतावर जाऊन बघायचं असतं. शाळेचंही तसंच आहे. वरची दहा मुलं बहुतेक कुठल्याही शाळेत शिकतात. शाळा चांगली आहे का, हे शेवटच्या बाकावर बसून कळतं.

दोनच शब्द समजून घेऊ

पहिला शब्द अभ्यासक्रम. वर्षाच्या अखेरीस मुलाला काय काय यायला हवं, त्याची ती यादी. पाठ्यपुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. तिथपर्यंत जायची ती एक गाडी आहे. पुस्तकाचं शेवटचं पान झालं आणि यादीतलं निम्मं मुलाला आलं नाही, तर गाडी मुक्कामाला पोचली आणि प्रवासी वाटेतच राहिले.

दुसरा शब्द समावेशन. मूल वर्गात बसलं, हजेरीपटावर नाव आलं, म्हणजे समावेशन झालं असं अनेकांना वाटतं. ती फक्त दाराची पायरी झाली. धडा त्या मुलापर्यंत पोचावा म्हणून शिकवण्यात, बसण्याच्या जागेत, प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत बदल करणं, म्हणजे समावेशन. यात अपंग मुलं येतात, तशी ऊसतोडीला आलेल्या टोळीतली मुलंही येतात, आणि घरात एक भाषा नि फळ्यावर दुसरी अशा कात्रीत सापडलेली मुलंही.

एकच वजाबाकी, तीन चुकीची उत्तरं

तिसरी-चौथीच्या मुलांना ४५ − १८ हे उदाहरण द्या. बरोबर उत्तर २७. चुकलेल्या वह्या बाजूला काढा, पण लाल फुली मारून थांबू नका. उत्तर काय लिहिलंय ते बघा.

कुणी ३३ लिहिलं असेल. या मुलानं एककात ५ मधून ८ जात नाहीत म्हणून उलट ८ मधून ५ वजा केले, ३ आले. दशकात ४ मधून १ गेला, ३ आले. त्याला दोन सुटे अंक दिसतात, ‘पंचेचाळीस’ ही एक संख्या दिसत नाही. याला उसना घ्यायची रीत पुन्हा पुन्हा घोकायला लावून उपयोग नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात द्या. चार गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या. अठरा काढायचे तर एक गठ्ठा सोडावाच लागतो, हे त्याच्या बोटांना आधी कळू दे.

कुणी ३७ लिहिलं असेल. यानं उसना घेतला, १५ मधून ८ गेले, ७ आले. पण दशकातला ४ चा ३ करायला विसरला. समज बरीचशी आहे, टप्पा निसटला. याला पाच-सहा उदाहरणं शेजारी बसून सोडवून घेतली की पुरतं.

आणि उदाहरण तोंडी सांगितलं असेल, तर कुणी ३६ लिहिलेलं सापडेल. यानं वजाबाकी बिनचूक केली आहे, फक्त ४५ ऐवजी ५४ लिहून घेतले. याचं गणित कच्चं नाहीच. याचा आकडा ऐकताना उलटा झाला.

तिघांना मिळून ‘वजाबाकीचा जादा तास’ लावला तर दुसऱ्याला फायदा होईल, तिसरा कंटाळेल आणि पहिला आणखी घाबरेल. तीन वह्या बघायला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं शाळेच्या वेळापत्रकात बसवणं, ही शाळा सुधारण्याची सगळ्यात स्वस्त पायरी आहे.

पंचेचाळीस आणि नलवत्तैदु

तिसऱ्या मुलाकडं जरा थांबायला हवं, कारण त्याची अडचण आपल्या भाषेतून आलेली आहे आणि तिचं उत्तर शेजारच्या भाषेत आहे.

मराठीत आपण आधी एकक बोलतो आणि मग दशक: पंचेचाळीस म्हणजे पाच आणि चाळीस. लिहिताना मात्र आधी ४, मग ५. ऐकल्याबरोबर हात चालवणारं मूल ५४ लिहितं. एकोणतीसमध्ये तर ‘तीस’ ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. कन्नडमध्ये ४५ म्हणजे ‘नलवत्तैदु’: चाळीस आणि पाच. २९ म्हणजे ‘इप्पत्तोंबत्तु’: वीस आणि नऊ. जसं बोलायचं तसंच लिहायचं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला! बेळगावच्या मुलाला हा धडा कन्नडच्या तासाला आपोआप मिळतो. पण कन्नडचे शिक्षक आणि गणिताचे शिक्षक एकमेकांशी बोलले तरच.

करायचं एवढंच. दुसरीत दोन महिने रोज पाच मिनिटं आकडा तीन पद्धतीनं बोलून घ्या: “पंचेचाळीस, चाळीस आणि पाच, नलवत्तैदु.” मग लिहा. ‘एकोण’चे आकडे, म्हणजे एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे आठ, वेगळे काढून त्यांचा तक्ता भिंतीवर लावा. नव्याण्णव आणि एकोणनव्वद हे ‘नव्व’मुळं फसवतात, त्यांच्यावर दोन दिवस जास्त घालवा.

भाषा अडली की समज अडली?

आता हाच प्रश्न शाब्दिक करून विचारा. आधी तोंडी, घरच्या बोलीत: “तुझ्याकडं पंचेचाळीस रुपये हायत, अठराची वही घेतलीस, उरले किती?” मग तोच प्रश्न शाळेच्या माध्यमात लिहून द्या. तोंडी बरोबर आणि लिहिलेलं चूक आलं, तर अडचण गणिताची नाही. कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत ही कसोटी आधी लावायलाच हवी. तीच कसोटी मराठी शाळेत आलेल्या कन्नड घरच्या मुलालाही.

कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी यावर फार उपयोगी फरक सांगितला. खेळताना, दुकानात, मित्रांशी बोलण्याची भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. पण धड्याची भाषा, म्हणजे कारणं द्या, तुलना करा, सिद्ध करा या प्रकारची, अंगवळणी पडायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून “गल्लीत तर फाडफाड कन्नड बोलतो, मग पेपरात का लिहीत नाही?” हा प्रश्न चुकीचा आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी आणि कन्नड शाळेच्या भाषेत अर्धं सामान सारखंच आहे, हे मात्र फार थोडे लोक वापरून घेतात. गुणाकार, भागाकार, गणित, विज्ञान, कोन, व्यास हे शब्द दोन्हीकडं तेच. पण बेरीज म्हणजे ‘संकलन’, वजाबाकी ‘व्यवकलन’, त्रिकोणाला ‘त्रिभुज’, वर्तुळाला ‘वृत्त’, अपूर्णांकाला ‘भिन्नराशी’, क्षेत्रफळाला ‘विस्तीर्ण’. मराठी मूल ‘विस्तीर्ण’ वाचून मोठं मैदान समजतं, आणि ‘कळेयिरि’, म्हणजे ‘वजा करा’, हे वाचून त्याला ‘कळणं’ आठवतं. चुकणारच की ते.

म्हणून प्रत्येक पाठाच्या आधी आठ-दहा शब्दांची दुभाषी पट्टी करा: डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, जमल्यास तिसऱ्या रकान्यात इंग्रजी. दहापेक्षा जास्त शब्द घेतले की ती पाठांतराची यादी होते आणि मरते. पट्टी परीक्षेपर्यंत भिंतीवर राहू द्या. मुलांना आपसात घरच्या भाषेत चर्चा करू द्या आणि उत्तर माध्यमाच्या भाषेत लिहायला सांगा. “वर्गात मराठी बोलायचं नाही” किंवा “कन्नड बोलायचं नाही” असा नियम केला, की मूल विचार करायचंच थांबतं, कारण विचार करायची त्याची भाषा बाहेर काढून ठेवलेली असते.

उच्चाराचीही एक अडचण आहे. कन्नडमध्ये ‘ए’ ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन, ‘ओ’सुद्धा दोन. ऱ्हस्व ‘ए’चं ‘बेळे’ म्हणजे पीक, दीर्घ ‘ए’चं ‘बेळे’ म्हणजे डाळ. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, मराठी कानाला सारखीच ऐकू येतात. अशा मुलाचं शुद्धलेखन दहादा लिहून घेऊन सुधारत नाही. आधी जोड्या ऐकवून फरक ओळखायला शिकवावा लागतो. रोज चार जोड्या, तीन आठवडे.

“मग सरळ इंग्रजी मीडियमला का घालू नये?”

माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१४ मध्ये कर्नाटकच्याच खटल्यात तसा निकाल दिला. त्याच वेळी शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शिकवण्याचं माध्यम शक्य असेल तिथवर मातृभाषा असावं, आणि राज्यघटनेचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला राज्यांना सांगतं. तेव्हा निवड करताना एवढा हिशोब मांडा: एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, एकूण ६२५ गुण, त्यातले प्रथम भाषेला १२५, बाकी पाच विषयांना प्रत्येकी १००. गणित, विज्ञान आणि समाज विज्ञान यांचे ३०० गुण माध्यमाच्या भाषेत लिहायचे असतात. इंग्रजी विषय म्हणून चांगला शिकवला तर त्या भाषेचे गुण मिळतात. इंग्रजी माध्यम घेऊन ती भाषा घरी-दारी कुठंच कानावर पडत नसेल, तर भाषेबरोबर हे ३०० गुणही पणाला लागतात.

कन्नडचंही तसंच. २०१५ च्या राज्याच्या कायद्यानं कन्नड ही भाषा शाळांत शिकणं बंधनकारक आहे. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलानं कन्नड उत्तम शिकावं, हे त्याच्या भल्याचंच आहे. तालुका कचेरीपासून नोकरीच्या अर्जापर्यंत त्याला ती लागणार आहे. पण कन्नड पक्की होण्यासाठी मराठी वाचन पक्कं असणं आड येत नाही, उलट मदतच करतं. अक्षर आणि आवाज यांची सांगड एका भाषेत एकदा बसली की दुसऱ्या लिपीत ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही.

वाचन नेमकं कुठं तुटलं?

‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २०२४ मध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या १०० मुलांपैकी साधारण २३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. पाचवीतही निम्म्याहून कमी, सुमारे ४५. म्हणजे चौथीचा धडा सुरू असताना वर्गातल्या बऱ्याच मुलांचा धागा दुसरीतच तुटलेला असतो. बेळगावच्या वडगाव-खासबागेतला कुठलाही विणकर सांगेल, ताण्याचा एक धागा तुटला की माग थांबवून गाठ मारावी लागते. तसाच चालू ठेवला तर खोट पुढं साडीभर जाते.

तपासणी सोपी आहे. एका मुलाला पाच मिनिटं. आधी सुटी अक्षरं, मग सोपे शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग आठ-दहा ओळींची गोष्ट. जिथं अडलं तिथं थांबायचं आणि तेवढंच लिहून ठेवायचं. मराठीत एक जागा वेगळी बघा: काना-मात्रेपर्यंत सुरळीत वाचणारी मुलं जोडाक्षराला, विशेषतः रफाराला अडतात. ‘सूर्य’, ‘गर्दी’, ‘स्वच्छ’ असे दहा शब्द दिले की लगेच कळतं. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत, असं केंद्राच्या ‘निपुण भारत’ कार्यक्रमाचं उद्दिष्ट आहे. ६० शब्दांचा उतारा आणि हातातलं घड्याळ एवढ्यावर हे मोजता येतं.

त्यानंतर तिसरी, चौथी, पाचवीची मुलं रोज एक ते दीड तास इयत्तेऐवजी पातळीप्रमाणं बसवायची. अक्षरवाले एकीकडं, शब्दवाले एकीकडं, उतारावाले एकीकडं. बाकी वेळ नेहमीचे वर्ग. असे चाळीस-पन्नास दिवस नेटानं चालवले तर फरक उघड दिसतो. लहान शाळेला हे जड वाटेल, पण उलट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणं पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असली की दोन शिक्षक. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक असताना पातळीनुसार गट हाच खरा मार्ग आहे. कर्नाटकातली ‘नली-कली’ पद्धत याच विचारावर उभी आहे: पहिली ते तिसरीची मुलं एकत्र आणि ज्यानं त्यानं आपल्या पायरीवरून चढायचं.

हे फसतं ते ठरावीक जागी. गट एकदा केले की वर्षभर तेच राहतात आणि अक्षरवाल्या गटाचं नाव ‘ढ गट’ पडतं. दर दहा दिवसांनी पुन्हा तपासा आणि पुढं गेलेल्याला त्याच दिवशी पुढच्या गटात हलवा. दुसरी चूक, सगळ्यात अनुभवी शिक्षक दहावीला किंवा वरच्या गटाला देतात. ते अक्षरवाल्यांना द्या, तिथलं काम अवघड आहे. तिसरी चूक मला सगळ्यात क्रूर वाटते: मागं पडलेल्या मुलाला खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून उचलून जादा अभ्यासाला बसवतात. दिवसातल्या ज्या एका तासासाठी ते शाळेत येतं, तोच काढून घेतला तर ते उद्या येणार का?

“पोर्शन कधी संपवायचा? हुशार मुलांचं नुकसान नाही का?”

शिक्षकांचा हा प्रश्न रास्त आहे, कारण वर विचारणारे पोर्शनच विचारतात. कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास आहेत, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. ८०० पैकी पन्नास दिवसांचे ६०-७० तास पायाभरणीला गेले, तर ते दहा टक्क्यांच्या आतच आहेत. आणि वाचता येणाऱ्या मुलाला उरलेला धडा निम्म्या वेळात समजतो. न वाचणाऱ्याला वर्षभर शिकवलेलं वाया जातं, त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. हुशार मूलही त्या तासात आपल्या पातळीचंच, म्हणजे इयत्तेच्या पुढचं वाचत असतं. त्याचं काही जात नाही.

“नापास केलं की सुधारतील” हाही एक लाडका उपाय. २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना पाचवी आणि आठवीत मूल मागं ठेवायची मुभा आहे. पण त्यातही आधी जादा शिकवून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची अट आहे, आणि आठवीपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही. त्या दोन महिन्यांत काय शिकवायचं हे तपासणीशिवाय ठरणार कसं? तोच धडा त्याच पद्धतीनं आणखी एक वर्ष ऐकवला, तर ऱ्हस्व-दीर्घ न ऐकू येणाऱ्याला ते पुढच्या वर्षीही ऐकू येणार नाहीत.

आधी डोळे आणि कान

काही मुलांची अडचण अभ्यासाची नसतेच. पुस्तकातलं बरोबर उतरवतं पण फळ्यावरचं चुकवतं, डोळे बारीक करतं, वही नाकाशी धरतं: डोळे तपासा. हाक मारली तर बघत नाही, “काय?” असं सारखं विचारतं, कान फुटलाय, सर्दीनंतर आठवडाभर ‘लक्ष नसतं’: कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं, त्या दिवशी ही मुलं हजर राहतील हे बघा आणि त्यांची नावं आधीच काढून ठेवा. तोवर मूल पुढं बसवा आणि फळ्याकडं तोंड करून बोलू नका.

जांबोटी, कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर पत्र्यावरच्या पावसात धडधाकट कानालाही काही ऐकू येत नाही. तिथं जोराच्या सरीत तोंडी शिकवणं सोडून वाचन-लेखनाचं काम घ्यावं आणि उघडीप मिळाली की बोलून शिकवावं. वेळापत्रक भिंतीवरच्या कागदापेक्षा छपराकडं बघून ठरवलेलं बरं.

अपंग मुलांसाठी २०१६ चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो. वाचन-लेखनातली विशिष्ट अक्षमता, जिला डिस्लेक्सिया म्हणतात, तीही त्यात आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. इथं नेहमी होणारी गफलत अशी: “सर्टिफिकेट आणा, मग बघू.” भत्ता आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी दाखला लागतो. मूल पुढं बसवायला, प्रश्न वाचून दाखवायला, मोठ्या अक्षरात लिहायला, वर्गात जास्त वेळ द्यायला कुठलाही दाखला लागत नाही. तालुक्याला समावेशक शिक्षणासाठी नेमलेले संसाधन शिक्षक असतात, शाळेत त्यांना ‘बीआयईआरटी’ म्हणतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलवा. आणि एसएसएलसीला लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर दाखल्याची धावपळ आठवीतच सुरू करा. दहावीचा अर्ज भरताना सुरू केलेली धावपळ वेळेत संपत नाही.

नोव्हेंबरला येणारी आणि मार्चला जाणारी मुलं

चिकोडी, निपाणी, अथणी, कागवाड भागात गाळप सुरू झालं की बीडकडून आणि विजयपूरकडून टोळ्या येतात. कोयत्याबरोबर मुलंही येतात. खोपी जिथं पडतात तिथली जवळची शाळा कुठल्या माध्यमाची आहे हे त्या मुलाच्या हातात नसतं. गाळपाचे चार-पाच महिने म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष.

“दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, पुस्तकं जूनमध्येच संपली” ही कारणं कायद्यात बसत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. मूल वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, त्याची मुदत तीन महिने ते दोन वर्षं. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची आणि प्रवासखर्चाची तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं, म्हणजे आपल्या एसडीएमसीनं, सप्टेंबरमध्येच टोळ्यांच्या मुकादमांकडून येणाऱ्या मुलांचा अंदाज घेऊन बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, कार्यालयाला लेखी मागणी पाठवायची. टोळी आल्यावर पाठवलेल्या मागणीला उत्तर येईपर्यंत पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं.

मूल आलं त्या दिवशी नाव हजेरीत आणि जेवणाच्या पटावर. मध्यान्ह भोजनात प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं, सहावीपासून १५० ग्रॅम. पहाटे तीनला उठून धाकट्या भावंडाला सांभाळलेल्या पोरीला आधी हे जेवण लागतं. धाकट्याला घेऊन आली तरी तिला परत पाठवू नका, जवळच्या अंगणवाडीशी बोलून घ्या. दुसऱ्या दिवशी वर सांगितलेली वाचनाची आणि वजाबाकीची तपासणी, तिच्या भाषेत. मराठी पोरगी कन्नड शाळेत आली असेल तर जवळच्या मराठी शाळेतून दोन पुस्तकं आणा आणि वर्गातल्या दोन्ही भाषा येणाऱ्या मुलाशेजारी तिला बसवा. गणित घरच्या भाषेत चालू ठेवा, कन्नड बोलायला शिकवा. चार महिन्यांत लिपी घोकून घेण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

मार्चमध्ये टोळी निघायच्या आधी, निघाल्यावर नव्हे, एक कागद तयार ठेवा. महाराष्ट्रात गावची शाळा निघताना शिक्षण हमी पत्रक देते, तसाच परतीचा कागद इथल्या शाळेनं द्यायचा. त्यावर पाचच गोष्टी: मुलाचा ‘यूडायस’ या सरकारी शालेय नोंदीतला कायमचा क्रमांक, इथं किती दिवस हजर होतं, वाचनाची पातळी आली तेव्हा कुठली आणि जाताना कुठली, गणितात कुठपर्यंत आलं, आणि मुख्याध्यापकांचा फोन. तो क्रमांक असला की पुढच्या शाळेला ऑनलाइन नोंदीत मूल शोधून आपल्याकडं घेता येतं. नसला तर त्याचं नाव दोन राज्यांच्या मध्येच लोंबकळत राहतं. कागद मुकादमाच्या हाती देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या आणि त्याचा फोटो तिच्या किंवा नात्यातल्या कुणाच्या मोबाइलवर पाठवा. खोपी मोडताना कागद हरवतात.